एकसष्ट फूट

मर्ल टाइन्सच्या मैदानावर कुणी थुंकलेलं त्याला खपत नसे, आणि बेसबॉल म्हटला की थुंकणं आलंच. सूर्यफुलाच्या बिया गालात धरायच्या आणि टरफलं फुर्रकन उडवायची, हे आमच्याकडची पोरं बॅट धरायच्या आधी शिकतात. त्यामुळे फेब्रुवारी ते जून मर्लचं डोकं तापलेलंच असायचं. हॅचर्स बेंड कॉलेजचं मैदान तो सव्वीस वर्षं राखत होता. गवत बरोबर एक इंच, लाल माती चाळणीतून काढलेली. मातीत खडा सापडला तर तो खिशात घालून घरी न्यायचा. कशाला, ते त्याच्या बायकोलाही कधी कळलं नाही. सबंध मिसिसिपीत असं मैदान नाही, हे आम्ही गाववाले पाहुण्यांना सांगायचो, आणि आमच्या मागे उभा राहून मर्ल ते ऐकायचा.

आता टेपचं सांगायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

मैदानाच्या मधोमध जो मातीचा उंचवटा असतो, ज्यावरून पिचर बॉल टाकतो, त्याच्या माथ्यावर एक पांढरी रबराची पट्टी रोवलेली असते. टाकताना पिचरचा पाय तिला लागलेला हवा. त्या पट्टीपासून समोर फलंदाजाच्या पायाशी असलेल्या होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत अंतर साठ फूट सहा इंच. पुस्तकात तसंच लिहिलंय आणि पुस्तकावर वाद नाही. तर बारा वर्षांपूर्वी मर्लच्या शंभर फुटी टेपचं टोक गवत कापायच्या यंत्राखाली आलं आणि पहिले सहा इंच गेले. दुसरा कुणी असता तर नवा टेप घेऊन मोकळा झाला असता. मर्लने तुटलेलं टोक कानशीने घासलं आणि ठरवून टाकलं, की इथून पुढे साठ-सहाच्या जागी एकसष्ट वाचायचं. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला फावडं कुठे आहे ते सांगायच्या आधी हे सांगितलं जायचं. बाहेरच्याला हे वेड्याचे चाळे वाटले असते. पण बारा वर्षांत या मैदानावर एक रेघ वाकडी पडली नव्हती, हेही खरं.

त्या शुक्रवारी दुपारी मर्ल आणि डोरीथा मगी पहिल्या बेसपलीकडच्या फाटकाशी, कामवाल्यांच्या खोलीच्या दारात, बादल्या पालथ्या घालून बसले होते. डोरीथा त्याच्या हाताखाली अकरा वर्षं होती. तिचे हात रुंद आणि जीभ धारदार. मर्लला तोंडावर बोलणारी कॉलेजात ती एकटीच. मेचं ऊन मी म्हणत होतं. तीन हजार माणसं टोप्यांनी वारा घेत होती, आणि उंचवट्यावर जेरेट फोर्टनबेरी दुसऱ्या इनिंगमधल्या दुसऱ्या माणसाला, चार बॉल वाया घालवून, फुकटात पहिल्या बेसवर पाठवत होता.

जेरेट आमचाच. कोंबड्यांची शेती करणाऱ्या फोर्टनबेऱ्यांचा धाकटा, एकवीस वर्षांचा, अंगाने ओंडका आणि बोलायला गाय. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा कोपर कामातून गेला होता. डॉक्टरांनी डाव्या मनगटातली शीर काढून उजव्या कोपरात शिवली आणि बजावलं, की हात पुन्हा चालेल, पण ओढून-ताणून टाकायचं नाही. ही शीर तुटली तर तिसरी शिवायला जागा नाही. पोराने ऐकलं. जोराचा नाद सोडून त्याने एकच बॉल घोटवला. बॉल सरळ यायचा आणि फलंदाजाच्या गुडघ्यापाशी आला की खाली बसायचा. त्या एका बॉलवर त्याने यंदा आठ सामने काढले होते. आज होम प्लेटमागच्या रांगेत सात अनोळखी माणसं वेग मोजायच्या बंदुका घेऊन बसली होती, मोठ्या व्यावसायिक संघांची. पुढच्या महिन्यात ती माणसं आपापल्या संघांसाठी पोरं निवडणार होती. जेरेटचं कॉलेज या वर्षी संपत होतं. जे काय व्हायचं ते आजच.

"पोराच्या पोटात गोळा आलाय," डोरीथा म्हणाली. ती उकडलेल्या शेंगा खात होती आणि टरफलं डब्यात टाकत होती.

"सात-सात बंदुका रोखल्यावर कुणाच्याही येईल."

"माझ्यावर रोखून बघावी कुणी. मी शेंगा नाही थांबवणार." तिने डोळे बारीक केले. "पण घाबरलेला पिचर कसाही टाकतो, मर्ल. इकडे एक, तिकडे एक. याचा बॉल एकाच जागी पडतोय. दर वेळी चार बोटं खाली. प्लेट कुणी मागे सरकवल्यासारखा."

"प्लेट कोण सरकवणार? तिचा ठोकळा सिमेंटात आहे."

"मग पट्टी."

"पट्टी आपण सोमवारीच बसवली. प्लेटवर टोक तूच धरलं होतंस."

जुनी पट्टी चारी बाजूंनी झिजली होती म्हणून सोमवारी त्यांनी ती उपटून नवी रोवली होती. पिचरांचा सराव कुंपणापलीकडच्या वेगळ्या उंचवट्यावर चालतो, त्यामुळे नव्या पट्टीला आज पहिल्यांदा कुणाचा पाय लागत होता.

"धरलं होतं की," डोरीथा म्हणाली. "आणि पहिल्यांदा बोट न कापता धरलं. नव्या पातीला कडी आहे ना, प्लेटच्या टोकावर कशी चपखल बसते."

मर्लने मान वळवली. "कसली नवी पात?"

"टेपची. मागच्या शुक्रवारी भरली नाही का मी? चकरी तीच ठेवली, नाहीतर तुम्ही रडला असतात. आतली पात नवी. सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"तुम्ही गवत कापत होतात. मी समोर उभी राहून, पात दाखवून, घसा फोडून सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत."

यंत्रावर बसला की मर्लच्या कानांवर आवाज अडवायची झाकणं असायची, आणि ती असताना तो दिसेल त्याला मान डोलवायचा. अशीच मान डोलवून तो एकदा चर्चच्या गायकांत भरती झाला होता आणि दोन रविवार गायलाही होता.

"डोरीथा," तो हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी मी आकडा काय वाचला?"

"एकसष्ट," ती म्हणाली. सोललेली शेंग तिच्या हातातच राहिली.

दोघं खोलीत गेले. मर्लने खुंटीवरची चकरी काढली आणि पात ओढली. कडी. कडीनंतर एक, दोन, तीन, चार. सगळे इंच जागच्या जागी होते, नवे कोरे, काळे ठसठशीत. त्याने पात परत गुंडाळली आणि पुन्हा ओढली, जणू दुसऱ्या खेपेला सहा इंच कमी होणार होते.

"मला कळायला हवं होतं," डोरीथा म्हणाली. "पण अकरा वर्षं तुमच्या तोंडून एकसष्टच ऐकलंय हो. दुसरा कुठला आकडा म्हणाला असतात तर दचकले असते."

पट्टी सहा इंच मागे गेली होती. सहा इंच म्हणजे आठ बोटं. साठ फुटांत आठ बोटांनी काय होतं, असं तुम्ही म्हणाल. ज्याचा सगळा खेळ बॉल नेमका कुठे खाली बसतो यावर, त्याचं सगळंच होतं. आणि समोरच्या पाइनी फोर्क संघाचा पिचर होता डावखुरा, हळू फिरकीचे बॉल टाकणारा. त्याला ही आठ बोटं आंदण मिळाली होती. त्याचा बॉल आज जास्तीचा वळत होता आणि आमची पोरं हवेत बॅटी फिरवत होती.

बाहेर लोक ओरडले. जेरेटने कसाबसा तिसरा माणूस बाद केला होता. पाइनी फोर्क दोन, आपण शून्य.

"चला, कोचला सांगू," डोरीथा म्हणाली.

"थांब. आधी खात्री करू."

"आणखी कसली खात्री?"

"मोजल्याशिवाय कसं बोलायचं? पाचवी इनिंग संपली की आपण मातीवरून जाळी फिरवायला आत जाणारच. तेव्हा पोरं माती सारखी करतील आणि मी हळूच टेप लावून बघेन. असलीच चूक तर अंपायरच्या कानात सांगू. तमाशा नको."

"पाचवी संपेपर्यंत त्या पोराने असंच टाकायचं?"

मर्लने चकरी परत खुंटीला अडकवली. त्याला पक्कं माहीत होतं. मोजायची काही गरज नव्हती, आणि हेही त्याला माहीत होतं. पण नऊ वर्षांपूर्वी कॅडो क्रीकच्या मैदानावर बड हॅथकॉकने तिसरा बेस दोन फूट अलीकडे बसवला होता, आणि तेव्हापासून गावात असं एक जेवण झालं नव्हतं, की माशाचा पहिला तुकडा तोंडात जायच्या आत मर्लने बडची नक्कल करून दाखवली नाही. पायातले बूट काढून बोटं मोजणारा बड. लोक हसून हसून लोटपोट व्हायचे. बडने पुढे ते काम सोडलं आणि टायरच्या दुकानात लागला. मर्लला आता ती सगळी जेवणं आठवत होती, फक्त नक्कल दुसराच कुणी करत होता. भीती वाटली त्याला, दुसरं काही नाही. साठीला आलेला माणूस हसं होईल म्हणून घाबरला.

तिसरी इनिंग सुरू झाली. जेरेटचा पहिला बॉल पुन्हा तिथेच, चार बोटं खाली. अंपायरचा हात वर गेला नाही, म्हणजे बॉल वाया. दुसरा बॉल त्याने उंच धरला, तो नको तितका उंच गेला आणि फलंदाजाने कुंपणापर्यंत मारला. होम प्लेटमागच्या सातांपैकी एकाने बंदूक मांडीवर ठेवली आणि फोन काढला. जेरेट पट्टीकडे बघत होता. त्याने बुटाच्या टोकाने तिच्याभोवतीची माती उकरली, मग प्लेटकडे बघितलं, मग परत खाली. पाइनी फोर्कची आणखी एक धाव झाली.

पाइनी फोर्कची बॅटिंग संपल्यावर कोच हॅस्केल ब्रीलंड फाटकाशी आला. बारीक, वाकलेला माणूस, पण गावात मेयरलाही नसेल एवढा त्याला मान. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं.

"मर्ल, पोरगा म्हणतोय प्लेट लांब वाटते. सोमवारी तुम्ही पट्टी बदललीत ना? काही आहे का तिकडे?"

सांगायची वेळ हीच होती. देवाने ताटात वाढून दिली होती. डोरीथाने मर्लकडे बघितलं. मर्लने कोचकडे बघितलं आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"सव्वीस वर्षांत कधी काही होतं का तिकडे?"

"नव्हतं म्हणून तर विचारतोय. तू म्हणशील ते खरं धरून चालेन."

"मग झालं तर. पट्टी हवी तिथेच आहे. घाबरलंय ते पोर. त्याला म्हणावं जरा जोर लाव."

"कोच," डोरीथा म्हणाली, पण कोच तोवर वळला होता.

मर्ल बघत राहिला. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या छपरीत, कोच जेरेटच्या शेजारी बसला, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलला आणि अंगठ्याने फाटकाकडे खूण केली. जेरेटने मान वर केली. मैदानापलीकडून मर्लकडे बघत त्याने टोपी उचलली आणि ओशाळून हसला, शंका घेतल्याबद्दल माफी मागावी तसा. मर्लला हात वर करावा लागला.

"जोर लाव," डोरीथा म्हणाली. "हे कुठून सुचलं तुम्हाला?"

"तोंडातून गेलं."

"तोंडातून गेलं. त्या कोपरात किती जोर आहे ते डॉक्टरला माहीत आणि देवाला माहीत. तुम्ही कोण सांगणार? मी चालले सांगायला."

"दोन इनिंग, डोरीथा. दोनच इनिंग गप्प बस. एवढं माझ्यासाठी कर."

"नाही."

"चूक तुझीही आहे," मर्ल म्हणाला. "पात तू बदललीस. उद्या विचारलं तर दोघांनाही विचारतील, आणि आधी कुणाला काढतील ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

बोलून गेल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली. डोरीथाने शेंगांचा डबा खाली ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"माझीही आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तर सांगू म्हणतेय. अकरा वर्षं तुमच्याबरोबर काम केलंय, म्हणून एवढं करते. आपली पोरं आत्ता बॅटिंगला आहेत, तोवर विचार करा. जेरेट परत उंचवट्यावर चढायच्या आत तुम्ही सांगितलंत तर तुम्ही सांगितलंत. नाहीतर मी उठणार."

आमची पोरं बॅटिंगला आली आणि गेली. तीन माणसं, सात बॉल, खेळ खलास. डावखुऱ्याने त्यांना उभ्या उभ्या गुंडाळलं. सावकाश विचार करायला मर्लला दहा मिनिटं मिळतील असं वाटलं होतं; चारही मिळाली नाहीत. डोरीथा उठून उभी राहिली, तेव्हा जेरेट पळतच उंचवट्यावर पोचला होता आणि हात सैल करायचे बॉलसुद्धा त्याने दोनच घेतले.

त्याने पहिला बॉल टाकला आणि सबंध स्टेडियम ताठ झालं.

असा बॉल त्याने दोन वर्षांत टाकला नव्हता. खाली बसणारा नाही, नुसता सरळ, गोळी सुटावी तसा. फलंदाजाने बॅट हलवेपर्यंत तो प्लेटमागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसला. फोनवाल्याने फोन ठेवला आणि बंदूक उचलली. दुसरा बॉल तसाच. तिसरा तसाच. फलंदाज मान खाली घालून परतला. लोक उठून उभे राहिले.

"बघ," मर्ल म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडायला लागला होता. "बघ की. जमलं त्याला."

डोरीथा फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी होती. आता सांगायला गेलं तर खेळ थांबणार, आणि पोराची लय तुटणार, आणि सात माणसं बघतायत. तिचाही पाय अडला. त्या क्षणी थांबणं बरोबर की जाणं बरोबर, हे मला विचाराल तर आजही सांगता येणार नाही.

दुसरा फलंदाजही गेला. चार बॉल. होम प्लेटमागे एकाने दुसऱ्याला आपल्या बंदुकीवरचा आकडा दाखवला. मर्ल मनात हिशेब मांडू लागला होता: हा एक माणूस, मग पाचवी, मग जाळी, मग टेप. कुणाला काही कळणार नाही. माती हलली म्हणावं, पट्टी सरकली म्हणावं.

तिसऱ्या फलंदाजाला पहिला बॉल टाकल्यावर जेरेटने हात झटकला. नुसता मनगटापासून, पाणी झाडतात तसा. परत पट्टीवर पाय ठेवताना त्याने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"मुंग्या आल्यात," डोरीथा म्हणाली. "बोटांना मुंग्या आल्यात त्याच्या."

मर्लनेही ते बघितलं होतं. मागच्या खेपेला, कोपर गेला त्या दिवशीही पोराने असंच केलं होतं. मर्ल इथेच बसला होता, याच फाटकाशी. हसं, नोकरी, बड हॅथकॉक, सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. तो उठला, डोरीथाचा हात बाजूला करून त्याने फाटक उघडलं आणि कुंपणाच्या कडेकडेने डगआउटकडे पळत सुटला. त्याला पळताना आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं. दुसरा बॉल पडला, दुसरी स्ट्राइक; तिसरीला फलंदाज बाद. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

"कोच," मर्ल डगआउटच्या कठड्याला धरून म्हणाला. "थांबव त्याला. थांबव."

कोचने त्याच्याकडे न बघता हात वर केला. "एकच बॉल, मर्ल. एकच राहिलाय."

"पट्टी मागे आहे. सहा इंच. पट्टी मागे आहे, हॅस्केल."

कोचने वळून बघितलं. त्याच्या मागे जेरेटने पाय उचलला, हात मागे नेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. बॉल अर्ध्या वाटेतच कुठेतरी बाजूला गेला. जेरेट एका गुडघ्यावर आला आणि उजवा हात पोटाशी धरून तसाच बसून राहिला. बॉल घरंगळत तिसऱ्या बेसकडे चालला होता आणि तो उचलायला कुणी जात नव्हतं.

पुढचं सगळं तीन हजार माणसांनी पाहिलं, त्यामुळे मी काही लपवून उपयोग नाही. संघाच्या डॉक्टरबाई धावत आल्या, दोघांनी धरून जेरेटला आत नेलं. अंपायरसमोर उभं राहून मर्लने सांगितलं, की उंचवटा चुकलाय आणि तो मी चुकवलाय. पाइनी फोर्कचा कोच तणतणत आला, की आम्ही पुढे आहोत म्हणून हे नाटक चाललंय का. अंपायर म्हणाला, टेप आणा. डोरीथाने आणला. तिने कडी प्लेटच्या टोकाला लावली, मर्ल चकरी घेऊन उलट पावली उंचवट्यावर चढला, पात ताणली, आणि अंपायरने वाकून स्वतः वाचलं. "एकसष्ट," तो मोठ्याने म्हणाला. मग त्याने दोन्ही कोचांना सांगितलं, की झालेल्या धावा तशाच राहतील, पट्टी जागेवर आली की खेळ पुढे सुरू होईल.

"मी खणायला घेते," डोरीथा मर्लला म्हणाली. "तुम्ही आत जा. आधी आत जाऊन या."

आतल्या खोलीत जेरेट उंच बाकावर बसला होता. कोपराला बर्फ बांधला होता. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. डॉक्टरबाई फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या आणि त्यांचा आवाज फार शांत होता. कोच भिंतीला टेकून उभा होता.

"जेरेट," मर्ल म्हणाला. टोपी काढायचं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती काढली. "पट्टी सहा इंच मागे होती. मी चुकीची बसवली. आत्ता मोजली."

जेरेटला ते पोचायला वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याची मर्लला अपेक्षा नव्हती. पोर हसलं.

"म्हणजे माझे बॉल बरोबर पडत होते?"

"हो."

"सगळे? पहिल्या इनिंगचेपण?"

"सगळे. गुडघ्याच्या रेषेत पडले असते. एकालाही हात लावता आला नसता."

"मला वाटलं मी विसरलो कसं टाकायचं ते," जेरेट म्हणाला. "वेड लागायची पाळी आली होती, मिस्टर मर्ल. मी कोचना म्हटलंसुद्धा, प्लेट लांब वाटते म्हणून. म्हटलं होतं ना, कोच?"

"म्हटलं होतंस," कोच म्हणाला.

जेरेटने बर्फाची पिशवी डाव्या हाताने जरा सारखी केली. हसू अजून थोडं शिल्लक होतं. "कोचनी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, नाही का?"

त्याने ते प्रश्न म्हणून विचारलंच नव्हतं. मर्लने नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं. डोरीथा बाहेर खणत होती. ती कुणाला सांगायला गेली नसती. कोच भिंतीपासून सरळ झाला. डॉक्टरबाईंचं फोनवरचं बोलणं संपलं होतं.

"ठाऊक होतं, बाळा," मर्ल म्हणाला. "दुसऱ्या इनिंगपासून ठाऊक होतं."

जेरेट त्याच्याकडे बघत राहिला. रागाने नाही, गणित सोडवताना बघतात तसा, दुसरी इनिंग, तिसरी, चौथी, एकेक बॉल मनात परत टाकत असावा.

"तुम्ही बाहेर जा, मिस्टर मर्ल," जेरेट म्हणाला.

मर्ल बाहेर आला. अंपायर दाराशीच उभा होता. पट्टी बसायला किती वेळ लागेल, असं त्याने विचारलं. मर्ल म्हणाला, वीस मिनिटं.